कानातला मळ घरच्या घरी सुरक्षितपणे कसा काढावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कानातला मळ म्हणजे शेवटी घाणच ना?

नाही. कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंत जाणारी नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. तिच्या बाहेरच्या एक-तृतीयांश भागातल्या ग्रंथी तेलकट स्राव सोडतात आणि त्यात झडलेली कातडी, बारीक केस व धूळ मिसळून मळ तयार होतो. तो किंचित आम्लधर्मी असल्यामुळे जिवाणू आणि बुरशी यांच्या वाढीला आळा घालतो, कातडीत पाणी मुरू देत नाही आणि धूळ वाटेतच धरून ठेवतो. आपण त्याला ‘मळ’ म्हणतो आणि अंगावरच्या मळाच्या पंक्तीत बसवतो, म्हणून तो घासून काढण्याची वस्तू वाटतो. त्याला दुसरे एखादे नाव मिळाले असते तर कितीतरी कान वाचले असते.

मग तो किती दिवसांनी काढावा?

बहुतेक निरोगी माणसांनी तो कधीच काढायची गरज नसते. कानाच्या नळीतली कातडी पडद्याकडून बाहेरच्या दिशेने सरकत असते. तिचा वेग जवळजवळ नख वाढण्याच्या वेगाइतका असतो. आपण बोलतो, चावतो तेव्हा जबडा हलतो, त्यामुळेही मळ सैल होऊन पुढे येतो. भोकाच्या तोंडाशी आलेला मळ अंघोळीनंतर ओल्या फडक्याने किंवा पंचाच्या टोकाने पुसून घेतला की काम झाले. बोटाचे टोक जेथपर्यंत सहज पोहोचते, तीच सफाईची हद्द समजावी.

माझा मळ पिवळा आणि चिकट आहे, यजमानांचा मात्र कोरडा भुग्यासारखा आहे. यात काही आजार आहे का?

नाही. ओला की कोरडा, हा फरक मुख्यतः एबीसीसी-११ या जनुकामुळे पडतो, असे जपानी संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले. मळ जुना झाला की तो गडद होतो. मात्र रक्ताची छटा, पू किंवा दुर्गंधी असेल तर तो मळाचा प्रश्न राहत नाही.

मळ आपोआप बाहेर येत असेल तर काहींच्या कानात तो का साचतो?

कारणे अनेक आहेत. काहींची नळी जन्मतःच अरुंद किंवा वाकडी असते, तर काहींच्या कानात दाट केस असतात. वय वाढते तसा मळ कोरडा व घट्ट होत जातो आणि त्याची बाहेर येण्याची गती मंदावते. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मळ घट्ट साचण्याचा त्रास सुमारे दहांपैकी एका मुलाला आणि वीसांपैकी एका प्रौढाला होतो. वृद्धांमध्ये हे प्रमाण कितीतरी जास्त असते. श्रवणयंत्र वापरणारे आणि दिवसभर कानात इअरफोन खुपसून बसणारे यांच्या बाबतीत बाहेर येणाऱ्या मळाची वाटच बुजलेली असते. परंतु सर्वांत टाळता येण्यासारखे कारण म्हणजे मळ काढण्यासाठी आपण केलेली खटपट.

अंघोळीनंतर इअरबड फिरवण्याची वर्षानुवर्षांची सवय आहे. त्याने नेमके काय बिघडते?

मळ तयार होतो तो नळीच्या बाहेरच्या भागात. त्यामुळे पडद्याला टेकलेला मळाचा गोळा सापडला, तर तो बहुधा कोणीतरी तेथे ढकललेला असतो. कापसाचे बोंड नळीच्या जवळजवळ रुंदीचे असते. ते आत घातले की बंदुकीच्या गजासारखे काम करते, म्हणजे थोडा मळ कापसाला लागून बाहेर येतो आणि उरलेला ठासून मागे जातो. कापसावर दिसलेल्या त्या पिवळ्या डागाने आपले समाधान होते आणि सवय पक्की होते.

दुसरे असे की नळीचा आतला दोन-तृतीयांश भाग हाडाचा असून त्यावरची कातडी अतिशय पातळ असते. तिला ओरखडा गेला की खाज सुटते, खाजेमुळे पुन्हा बड आत जातो आणि त्या ओरखड्यातून संसर्ग शिरतो. तिसरा धोका पडद्याचा. अमेरिकेतल्या एका अभ्यासात १९९० ते २०१० या काळात कापसाच्या काडीने कानाला झालेल्या इजांसाठी तातडीच्या विभागात आणलेल्या मुलांची संख्या सुमारे २ लाख ६३ हजार असल्याचा अंदाज काढण्यात आला होता, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या कानात काडी गेली होती ती सफाईच्या निमित्ताने.

१ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या काडीच्या इअरबडवर देशभर बंदी आली आणि त्या जागी कागदाच्या व बांबूच्या काड्या आल्या. हा बदल समुद्रकिनाऱ्यांच्या हिताचा आहे, पण कानाच्या दृष्टीने काडी कशाची आहे याला काहीच अर्थ नाही. आगकाडी, केसांचा आकडा, सेफ्टी पिन, स्कूटरची चावी आणि पितळी कानकोरणे या सगळ्यांना हेच लागू आहे.

कान बंद झाला आहे. तो मळामुळेच, हे घरी कसे ओळखावे?

खात्रीने ओळखता येत नाही, आणि घरगुती उपायांची मोठी अडचण हीच आहे. मळामुळे कान जड वाटतो, कमी ऐकू येते, आपलाच आवाज घुमतो, कधी गुणगुण ऐकू येते, खाज किंवा किंचित ठणका असतो. काहींना चक्क कोरडा खोकला येतो, कारण कानाच्या नळीला संवेदना पुरवणाऱ्या मज्जातंतूंत घशाशी संबंध असलेल्या तंतूची एक शाखा असते. पण सर्दीने कानाला नाकाच्या मागच्या भागाशी जोडणारी हवेची नळी तुंबली, मधल्या कानात पाणी साठले किंवा बुरशी झाली तरी ‘कान बंद झाला’ असेच आपण म्हणतो.

एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगितली पाहिजे. सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येणे झपाट्याने कमी झाले, तर मळ समजून थेंब घालत बसू नये. आतल्या कानाच्या नसेचा तो आजार असू शकतो. त्यावरची औषधे लवकर सुरू केली तरच उपयोग होण्याची शक्यता जास्त असते, आठवडे उलटल्यावर फारसे काही हाती लागत नाही. तोंड मिटून ‘हूं’ असा लांब हुंकार काढून पाहावा. बंद वाटणाऱ्या कानात तो मोठा ऐकू आला तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात असण्याची शक्यता अधिक असते. उलट चांगल्या कानात मोठा ऐकू आला तर त्याच दिवशी तज्ज्ञाकडे जावे. ही चाचणी ढोबळ आहे. तिच्या आधारावर निश्चिंत होऊ नये, सावध मात्र अवश्य व्हावे.

घरी काहीही करून पाहण्याआधी कोणी थांबावे?

पडद्याला पूर्वी भोक पडले असेल, कानाची शस्त्रक्रिया झाली असेल, पडद्यात हवेसाठी बारीक नळी बसवली असेल, कानातून पाणी, पू किंवा रक्त येत असेल, तीव्र वेदना, ताप किंवा चक्कर असेल, तर कानात तेलाचा एक थेंबही घालू नये. एकाच कानाने ऐकू येणाऱ्याने त्या एकुलत्या कानावर प्रयोग करू नये. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

मधुमेहींबद्दल वेगळे लिहायला हवे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, म्हणजे २६.४ टक्के, गोव्यात आढळले. आपल्याकडे चार प्रौढांच्या घरात एखाद्याला साखर असणे ही त्यामुळे नवलाची गोष्ट नाही. मधुमेह असलेल्या, विशेषतः वयस्कर माणसाच्या कानाच्या नळीला छोटासा ओरखडा गेला आणि त्यात पाणी राहिले, तर क्वचित तो संसर्ग कवटीच्या हाडापर्यंत पसरतो. हा आजार दुर्मीळ असला तरी प्राणावर बेतू शकतो. म्हणून साखर असलेल्यांनी कान कोरू नये, घरी पाण्याची पिचकारीही मारू नये, आणि रात्री झोप उडवणाऱ्या कानदुखीकडे कानाडोळा करू नये.

मळ मऊ करण्यासाठी काय घालावे? खोबरेल तेल चालेल का?

वरच्यांपैकी कोणतीही अडचण नसेल तर चालेल. ऑलिव्ह तेल, बदामाचे तेल, ग्लिसरीन, सोडियम बायकार्बोनेटचे थेंब आणि निर्जंतुक मिठाचे पाणी हे सर्व पर्याय वापरात आहेत. कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा कोणताही एक थेंब दुसऱ्यापेक्षा ठामपणे सरस ठरला नाही. साधे पाणी आणि मिठाचे पाणीही औषधी थेंबांच्या मागे पडले, असे दिसले नाही. महागडी बाटली शोधत हिंडण्याचे कारण नाही.

खोबरेल घ्यायचे तर शुद्ध, सुवास न घातलेले आणि ताज्या बाटलीतले घ्यावे. साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली ते थिजते. गोव्यात ही वेळ डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे किंवा वातानुकूलित खोलीतच येते, पण थिजलेले तेल कानात उपयोगाचे नाही. लसूण, ओवा, कांद्याचा रस किंवा गरम मसाला घालून कढवलेले तेल अजिबात वापरू नये. लसणाने कातडी भाजते, आणि कढईतल्या तेलाचा बोटाला बसणारा चटका कानाच्या पडद्याला किती बसेल याचा विचार करावा.

फार्मसीत मिळणाऱ्या मळ विरघळवणाऱ्या थेंबांमध्ये बऱ्याचदा पॅराडायक्लोरोबेंझीन, बेंझोकेन, क्लोरब्युटॉल आणि टर्पेंटाइन तेल असते. ते प्रभावी असले तरी काहींच्या कातडीला झोंबतात. फाटलेल्या पडद्यात ते कधीच जाऊ नयेत, म्हणून डॉक्टरांनी कान पाहून लिहून दिल्यावरच ते वापरावेत.

हायड्रोजन पेरॉक्साइड घातल्यावर फेस येतो आणि मळ वर येतो असे ऐकले आहे. ते वापरावे का?

फेस येतो हे खरे. परंतु कानासाठी सांगितले जाते ते जास्तीत जास्त ३ टक्क्यांचे द्रावण, आणि आपल्याकडे जखमेसाठी मिळणाऱ्या बाटलीवर पुष्कळदा ६ टक्के असे छापलेले असते. ते तसेच कानात ओतल्यास आग होते आणि नळीची कातडी कोरडी पडते. तेलाने काम भागत असताना या वाटेला जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

थेंब घालण्याची योग्य पद्धत कोणती?

हात धुवून घ्यावेत. बाटली दोन-तीन मिनिटे मुठीत धरावी म्हणजे थेंब अंगाच्या उष्णतेइतके कोमट होतात. थंड थेंबांनी क्षणभर गरगरते, ते टाळण्यासाठी हे आवश्यक आहे. ज्याच्या कानात थेंब घालायचे त्याने दुसऱ्या कुशीवर झोपावे आणि कान वरच्या बाजूला ठेवावा. मोठ्या माणसाची कानाची पाळी वर आणि मागे ओढली की वळणाची नळी बऱ्यापैकी सरळ होते. लहान मुलाची पाळी खाली आणि मागे ओढावी लागते. ड्रॉपरचे टोक कानाला न लावता तीन-चार थेंब सोडावेत, भोकासमोरचा छोटा मांसल उंचवटा बोटाने हलकेच पाच-सहा वेळा दाबावा, म्हणजे कोंडलेली हवा सुटून थेंब आत उतरतो. मग पाच ते दहा मिनिटे तसेच पडून राहावे. उठल्यावर ओघळ टिपून घ्यावा. बोळा खोलवर कोंबू नये.

तेल दिवसातून दोनदा, तीन ते पाच दिवस घालावे. बऱ्याच जणांचा मळ या काळात नकळत, उशीवर किंवा अंघोळीत, बाहेर येतो. त्यातून काही ठोस बाहेर पडलेले दिसलेच पाहिजे असे नाही. पाच दिवसांनंतरही कान मोकळा झाला नाही, तर तेल घालणे तेथेच थांबवावे.

दुसऱ्या दिवशी कान आधीपेक्षा जास्त बंद झाला. काही चुकले का?

बहुधा नाही. मऊ झालेला मळ फुगतो आणि उरलीसुरली फटही बुजवतो. म्हणून दोन्ही कानांत एकाच दिवशी उपचार सुरू करू नये, विशेषतः ज्याला गाडी चालवायची आहे त्याने. मात्र दुखू लागले, चक्कर आली किंवा थेंब घशात उतरल्याची चव लागली तर लगेच थांबावे. घशात चव येणे हे पडद्याला भोक असल्याचे लक्षण असू शकते.

कान पाण्याने घरी धुतला तर?

येथे आम्ही थोडे कडक आहोत. चार-पाच दिवस तेल घालून मळ मऊ झालेला असेल, वरची कोणतीही मनाई लागू नसेल आणि माणूस प्रौढ असेल, तरच रबरी फुग्याच्या पिचकारीने धुण्याचा विचार करावा. पाणी उकळून ३७ अंशांपर्यंत निवालेले असावे. पाणी याहून थंड किंवा गरम असेल तर आतल्या कानातला द्रव हलतो आणि घर गरगर फिरू लागते. हे बसूनच करावे. धार पडद्यावर सरळ न मारता नळीच्या वरच्या-मागच्या भिंतीवर हलकी सोडावी आणि पाणी बाहेर यायला जागा ठेवावी. दुखले की त्याच क्षणी थांबावे. इंजेक्शनची सिरिंज, नळाला जोडलेली रबरी नळी किंवा बाथरूममधला जेट यांनी कान कधीही धुऊ नये. त्या दाबाने पडदा फाटतो.

सांजावाला, म्हणजे गोव्यातल्या सेंट जॉनच्या सणाला, विहिरीत उडी मारली आणि कान बंद झाला तो उघडतच नाही. आता काय करावे?

दरवर्षी २४ जूनच्या सांजावानंतर डोक्यावर कोपेल, म्हणजे फुलापानांचा मुकुट, घालून विहिरीत उतरलेल्या अनेकांना ही तक्रार होऊ शकते. माशेलच्या चिखलकाल्यात लोळून आलेल्यांची आणि केसरवाळच्या झरीवर डोके धरून आलेल्यांची गोष्टही वेगळी नाही. आधीच थोडा साचलेला मळ पाणी शोषून फुगतो आणि एका क्षणात नळी बंद होते. डोके त्या बाजूला कलवून पाळी ओढावी, पाणी निथळू द्यावे आणि बाहेरचा भाग कोरडा करावा. केस वाळवण्याचे यंत्र मंद वाऱ्यावर, हातभर अंतरावर धरले तरी चालते. एका दिवसात कान मोकळा झाला नाही तर वर सांगितलेले तेल सुरू करावे. पण उंचावरून उडी मारताना कानावर पाण्याचा फटका बसून लगेच दुखले असेल, किंवा रक्त आले असेल, तर पडदा फाटला असण्याची शंका धरून काहीही न घालता डॉक्टरांकडे जावे.

पावसाळ्यातली खाज हा वेगळा विषय आहे. या चार महिन्यांत आपल्याकडे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, मग ओलसर कानाला ती चुकत नाही. बुरशीत खाज फार असते, कान भरल्यासारखा वाटतो, आणि आत कधी ओल्या टिपकागदासारखा पांढरट थर, कधी काळे ठिपके दिसतात. मळ समजून तेल ओतत राहिल्यास ओल वाढून ती अधिक पसरते. खाज हेच मुख्य लक्षण असेल तर तेल घालू नये आणि कान तपासून घ्यावा.

बाळाच्या अंघोळीनंतर सासूबाई कानात तेल घालतात. त्यांना कसे समजवावे?

मालिश चालू राहू द्यावी, कानात तेल मात्र घालू नये. निरोगी बाळाच्या कानाला तेलाची आवश्यकता नसते. बाळाचा पडदा कसा आहे हे घरी कोणालाच दिसत नाही. सर्दीने पडदा फुटून कान वाहत असेल तर तेच तेल मधल्या कानात जाते. कानाच्या पाळीमागे आणि बाहेरच्या वळणांत तेलाचे बोट फिरवले, तर प्रथाही राहते आणि बाळही सुरक्षित राहते. घरात भांडण न होता निघणारा हा मार्ग आहे.

कानात लावायची मेणबत्ती, किनाऱ्यावर कान साफ करून देणारे, मोबाइलला जोडायचा कॅमेरा यांपैकी काही उपयोगाचे आहे का?

मेणबत्तीने कानात ओढ निर्माण होत नाही, हे प्रत्यक्ष मोजून पाहिलेले आहे. ‘मळ’ म्हणून दाखवला जाणारा ऐवज मेणबत्तीचेच जळके मेण असते, आणि ते पडद्यावर ठिबकल्यास भाजते. किनाऱ्यावर फिरणाऱ्यांचे हत्यार एका कानातून दुसऱ्या कानात जाते, आणि त्यांनी काढून दाखवलेला ‘खडा’ बोटांच्या फटीतून आलेला असू शकतो. कॅमेऱ्याचे कानकोरणे शेवटी कानकोरणेच आहे. मोबाइलच्या पडद्यावर सपाट चित्र दिसते, खोली कळत नाही, आणि धक्का लागला तर सारे एका क्षणात घडून जाते.

कानात किडा शिरला किंवा मुलाने काही घातले तर?

जिवंत किड्याची फडफड असह्य असते. पडदा चांगला असल्याची खात्री असेल तर कोमट तेलाचे काही थेंब घालून त्याला निश्चल करावे आणि मग तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा. चणा, वाटाणा किंवा तांदळाचा दाणा असेल तर पाणी घालू नये, कारण तो फुगून घट्ट बसतो. घड्याळातली किंवा खेळण्यातली चपटी बॅटरी असेल तर कोणताही थेंब न घालता ताबडतोब इस्पितळ गाठावे. ती काही तासांतच आतली कातडी जाळते.

आजोबांचे श्रवणयंत्र शिट्टी वाजवते आणि त्यांना ऐकूही कमी येते. यंत्र बिघडले का?

नवे यंत्र घेण्याआधी कान पाहून घ्यावा. साचलेल्या मळावर आपटून आवाज परत फिरला की यंत्र शिट्टी देते. मळ रोखणारी यंत्राच्या टोकाची जाळीही बुजते, ती वेळोवेळी बदलावी लागते. यंत्र वापरणाऱ्यांनी दर काही महिन्यांनी कान तपासून घेणे इष्ट. ‘आजोबांना आता ऐकूच येत नाही’ म्हणून घरच्यांनी बोलणे कमी केले, आणि कान मोकळे केल्यावर ते दूरचित्रवाणीचा आवाज स्वतःहून कमी करू लागले, असेही होऊ शकते.

डॉक्टर काय करतात आणि जायचे कुठे?

प्रथम ते दुर्बिणीतून नळी आणि पडदा पाहतात. घरी नेमकी हीच गोष्ट करता येत नाही. मग मळाच्या स्वरूपानुसार बारीक नळीने शोषून, आकडीने उचलून किंवा नियंत्रित दाबाच्या कोमट पाण्याने तो काढतात. बहुतेक वेळा हे काही मिनिटांचे काम असते. शोषणाचा आवाज मोठा वाटतो, थोडे गरगरू शकते, पण सहसा दुखत नाही. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, कान-नाक-घसा विभाग आहे आणि म्हापसा व मडगाव येथे जिल्हा इस्पितळे आहेत. आरोग्य केंद्रातले डॉक्टरही कान पाहून पुढे कुठे जायचे ते सांगू शकतात. मळ फार घट्ट असेल तर काही दिवस थेंब घालून परत या, असे तेही सांगतात. त्या काळात कान कोरू नये, आणि अंघोळ करताना व्हॅसलीन चोळलेला कापसाचा बोळा भोकाच्या तोंडाशी, आत न दाबता, ठेवावा.